जुक्ती तक्को आर गप्पो : बाटली, बाणा आणि मदन विणकराचा रिकामा माग

आरामखुर्ची (धागाकर्ता)

परवा दादरला मित्राच्या घरी भिंतीवर प्रोजेक्टर मारून बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटकांचा 'जुक्ती तक्को आर गप्पो' (युक्तिवाद, तर्क आणि गप्पा) पाहिला. नंतर वाद सुरू झाला तो शेवटच्या लोकलपर्यंत, म्हणून उरलेला इथे. कथा फोडणार आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या सिनेमाची कथा फोडली म्हणून कुणी रागावणार असेल तर त्याने आधी बघून यावं, नेटवर सबटायटल्ससकट मिळतो.

नीलकंठ बागची. एकेकाळचा तल्लख माणूस, आता हातातली बाटली सुटत नाही. सिनेमा सुरू होतो तेव्हा बायको दुर्गा मुलाला घेऊन घर सोडून चालली आहे. पुस्तकं आणि रेकॉर्डी ती मुलासाठी नेते. घरात उरतो छताचा पंखा. नीलकंठ तोही विकायला लावतो, आणि त्या पैशांची दारू येते. मग नचिकेता नावाचा बेकार पोरगा, बांगलादेशच्या धुमाळीत जीव वाचवून आलेली बंगबाला आणि जगन्नाथ नावाचा नोकरी गेलेला संस्कृतचा मास्तर, अशी वरात घेऊन नीलकंठ पायी दुर्गाच्या गावाकडे निघतो. वाटेत पुरुलियात छाऊ नाचाचे मुखवटे करणारा पंचानन उस्ताद भेटतो. शेवटी जंगलात नक्षलवादी पोरं भेटतात, रात्रभर वाद होतो, पहाटे पोलीस येतात आणि नीलकंठला गोळी लागते.

लेखक, दिग्दर्शक, निर्माता घटक स्वतः. नीलकंठही तेच. मुलाच्या भूमिकेत त्यांचा खरा मुलगा. सिनेमा १९७४ ला पुरा झाला, ६ फेब्रुवारी १९७६ ला घटक गेले, वय ५०. तो थिएटरात लागला १९७७ ला. त्यांचा पहिला 'नागरिक' १९५२ मध्ये बनला होता, तोही लागला १९७७ लाच! पहिला आणि शेवटचा सिनेमा एकाच साली लोकांसमोर आला, आणि बघायला दिग्दर्शक नाही.

आता माझं म्हणणं. हातात बाटली, चष्मा, विस्कटलेले केस, असा घटकांचा फोटो लोक स्टेटसला लावतात आणि खाली 'तडजोड केली नाही' वगैरे लिहितात. मला तो प्रकार सहन होत नाही. दारूमुळे हा माणूस बाणेदार ठरला नाही, आणि बाणेदार होता म्हणून दारू प्यायला असंही नाही. या दोन गोष्टींची मोट आपण प्रेक्षकांनी बांधली आहे. सिनेमा ती सोडवत बसतो.

पुरावा म्हणून शेवट घ्या. गोळी लागलेला नीलकंठ दुर्गाला एका गोष्टीची आठवण करून देतो. बंगाली लेखक माणिक बंद्योपाध्यायांची 'शिल्पी' नावाची कथा आहे, १९४६ च्या सुमाराची. त्यातला मदन तांती, म्हणजे विणकर. दलाल भुवन सूत देईल पण त्याच्या भावाने आणि त्याला हवा तसला हलका माल विणून द्यायचा. विणकर एकजुटीने नाही म्हणतात, माग बंद, घरात उपासमार. एका रात्री मदनच्या घरातून मागाचा आवाज येतो. सकाळी लोक जाब विचारायला येतात, तर कळतं की मागावर सूतच नव्हतं. न विणून पायांत गोळे येत होते म्हणून त्याने रिकामाच माग चालवला.

मरणाऱ्या माणसाच्या तोंडी शेवटची गोष्ट कुठली दिली आहे, बघा. उपाशी असूनही हात चालू ठेवणाऱ्याची. बाटलीवाल्याची दिलेली नाही. नीलकंठला माहीत आहे की तो स्वतः मदन नाही. माझ्या मते सगळा सिनेमा या एका गोष्टीसाठी आहे. पटतंय का?

---

कोरा_कागद

वाचतोय. सिनेमा अर्ध्यात सोडला होता. मध्येच तीन काळ्या कपड्यांतली माणसं नाचायला लागतात तिथे माझी सहनशक्ती संपली. पुन्हा लावतो.

---

फुटाणे

"शेवटच्या लोकलपर्यंत" हे वाचून कळलं की तुमच्या ग्रुपमध्ये डोंबिवलीकर आहेत. हलके घ्या.

---

एपिसोड_उद्याचा

आरामखुर्ची, लेख आवडला, पण जरा दुसऱ्या बाजूने.

मी मालिका लिहितो. नाव सांगणार नाही, तुमच्या घरी आई बघत असेल. गुरुवारी टीआरपी येतो, शुक्रवारी सकाळी चॅनेलचा फोन येतो की तो सासूचा ट्रॅक वाढवा, आणि शनिवारी मी वाढवलेला असतो. आधी तयार एपिसोडची बँक नसते, त्यामुळे दुपारच्या सीनचे संवाद सकाळी सेटवर जातात. नट मेकअपला बसलेला असताना व्हॉट्सॲपवर सीन वाचतो. पैसे नव्वद दिवसांनी, कधी त्याहून उशिरा. हे रडगाणं नाही, कामाचं स्वरूप सांगतोय.

या सिनेमात उत्पल दत्तांनी केलेला शत्रुजित आठवतोय ना? एकेकाळचा सोबती, आता खपणारं लिहून गब्बर झालेला. नीलकंठ त्याला विचार करायचा सराव कर असं सुनावतो. बंगालीत तो संवाद म्हणे लोकांच्या टीशर्टवर असतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. मी वाजवू शकत नाही, कारण त्या सीनमध्ये मी शत्रुजित आहे. तो सीन तीनदा मागे नेऊन पाहिला, आणि मला दिसलं की सुनावणाऱ्याचे पाय लटपटताहेत. शुद्धीतला माणूस खपणारं लिहितोय आणि तत्त्वाचा माणूस उभाही राहू शकत नाही, हे घटकांनी एका चौकटीत ठेवलं आहे. कुणाची बाजू घ्यायची ते त्यांनी आपल्यावर सोडलं, असं मी म्हणेन.

अवांतर: घटक पन्नाशीच्या दशकात आमच्या गोरेगावातच फिल्मिस्तानमध्ये पगारावर लेखक होते. बिमल रॉय यांच्या 'मधुमती'ची (१९५८) कथा त्यांची. त्या सिनेमाला नऊ फिल्मफेअर मिळाली. पुनर्जन्म, भूत, जुना वाडा, सगळा मसाला. म्हणजे हिट लिहिता येत नव्हतं म्हणून तत्त्वाच्या गोष्टी केल्या, असं त्यांच्याबाबत कुणी म्हणू शकत नाही. त्याच वर्षी त्यांचा 'अजांत्रिक' आला, मोडक्या मोटारीवर जीव लावणाऱ्या ड्रायव्हरचा. दोन्ही एकाच डोक्यातून. मला यातलं दुसरं जमत नाही, एवढाच फरक.

---

मोगरा

सगळे नीलकंठ आणि शत्रुजितबद्दल बोलताय. दुर्गाचा पगार किती होता यावर कुणी काही बोलेल का?

---

आरामखुर्ची

मोगराताई, विस्ताराने लिहा ना. मुद्दा कळतोय, पण पूर्ण येऊ द्या.

---

मोगरा

लिहिते.

दुर्गा शाळेत नोकरी धरून निघून जाते. तृप्ती मित्रांनी ते काम किती कमी शब्दांत केलं आहे! सामान बांधताना ती नवऱ्याकडे बघते तो क्षण मला सगळ्या राजकीय चर्चांपेक्षा जड वाटला. तिच्या चेहऱ्यावर राग नाही. हिशोब करून झालेल्या बाईचा चेहरा आहे तो. आमच्या बिल्डिंगमध्ये अशा दोघी-तिघी आहेत, एकीचा नवरा संगीतकार आहे, एकीचा 'होणारा' संगीतकार.

प्रत्यक्षातही घटकांच्या पत्नी सुरमा घटक शाळेत शिकवत होत्या. म्हणजे कलावंताचा बाणा ज्या पैशांवर उभा असतो ते पैसे बऱ्याचदा दुसऱ्याच कुणाच्या पगारपत्रकात असतात. मदन तांतीच्या घरी तरी काय, उपास त्याच्या बायकोलाही घडत होता. रात्री माग चालवल्याने तिच्या पायांतले गोळे कसे जाणार होते?

सिनेमा हे ओळखतो, असं आरामखुर्ची म्हणतील. ओळखतो, पण किती मिनिटं? दुर्गा सुरुवातीला आणि शेवटी. मधली पायपीट पुरुषांची, बंगबाला सोडली तर. घटक स्वतःला माफ करत नाहीत हे मान्य. पण स्वतःला माफ न करण्यातही माणूस कॅमेऱ्यासमोर स्वतःच राहतो ना?

---

फुटाणे

+१ शेवटच्या वाक्याला.

---

तंबोरा

मोगराताईंचा मुद्दा शंभर टक्के.

धाग्यात 'द डिसायपल' (२०२०) आणायचाय. चैतन्य ताम्हाणेंचा, आपल्याच मुंबईतला, मराठीत. व्हेनिसला मुख्य स्पर्धेत होता, पटकथेचं बक्षीस मिळालं. त्यातला शास्त्रीय गाणं शिकणारा शरद नेरुळकर दारू पीत नाही, भांडत नाही, पंखा विकत नाही. आणि तरी स्वतःचा नाश करून घेतो, तोही अगदी नीटनेटका. रात्री रिकाम्या रस्त्यावर मोटारसायकल, कानात माईंच्या (त्याच्या गुरूंच्या गुरू) व्याख्यानाच्या टेपा, कलावंताने कसं एकटं, कसं उपाशी राहावं यावर. माईंचा तो आवाज सुमित्रा भावेंचा. थंड, शांत, ऐकताना पटत जाणारा. मी गाणं शिकतो, अशा आवाजात मोठे झालोय.

पिणाऱ्याला निदान घरचे म्हणतात तरी की बाबा रे, थांब. शरदला कोण थांबवणार? रियाज करतोय, गुरूची सेवा करतोय, डोक्यावर तेल लावतोय, पाय चेपतोय. समाजाच्या लेखी आदर्श मुलगा. त्याचं बिघडलंय हे कळायलाच वीस वर्षं लागतात, आणि तोपर्यंत तो भर मैफलीत गाणं अर्ध्यात टाकून उठलेला असतो.

मला तो सिनेमा घटकांपेक्षा क्रूर वाटतो. नीलकंठकडे निदान प्रतिभा होती, तिचा त्याने चुराडा केला. शरदकडे ती पुरेशी नाही. मग बाणा कशाचा जपायचा?

---

आरामखुर्ची

तंबोरा, क्या बात. या बाजूने विचारच केला नव्हता. पण शरद शेवटी गाणं सोडून म्युझिक लेबल काढतो, लग्न होतं, मूल होतं. तो वाचतो, असं नाही म्हणणार?

---

तंबोरा

वाचतो हो. पण लोकलमधला तो शेवटचा सीन आठवा. एकतारी घेऊन भिक्षेकरी गात जातो आणि शरद बघत बसतो. मला तो वाचलेला वाटला नाही. गाणाऱ्याकडे बघायची त्याची नजर अजून तीच आहे, रियाजाच्या खोलीतली.

---

सदस्य क्र. ४

प्रतिसाद काढून टाकला आहे.

---

काळाचौकी

मदन तांतीवर कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. वडील कापडगिरणीत साच्यावर (यंत्रमागावर) होते. गिरणीचं नाव नको, आता तिथे मॉल आहे आणि मॉलच्या नावातही गिरणी नाही.

१८ जानेवारी १९८२. अडीच लाखांच्या आसपास माणूस बाहेर. दत्ता सामंतांचा गिरणी संप. कुणी अधिकृतपणे मागे घेतला नाही, आपोआप विरला. मी लहान होतो पण काही गोष्टी पक्क्या आहेत. चाळीत सकाळी कुणाच्या दाराची कडी वाजली, कोण डबा घेऊन जिना उतरलं, याच्याकडे सगळ्या मजल्याचं लक्ष असायचं. पोलिसांच्या गाडीतून कामावर जाणारे होते, त्यांच्या बायकांशी नळावर कुणी बोलायचं नाही. त्यामुळे त्या कथेत शेजारी रात्री मागाचा आवाज ऐकून जाब विचारायला जातात ना, ते माझ्यासाठी कथेतलं नाही. ते आमच्या मजल्यावरचं आहे. मी ती कथा या धाग्यामुळे आज हिंदी अनुवादात वाचली.

आता आरामखुर्चींना विचारतो. मदनचा माग घरात आहे, म्हणून तो रात्री चालवू शकतो. वडिलांचा साचा गिरणीच्या मालकाचा, गेट बंद. त्यांनी काय चालवायचं? सांगतो काय चालवलं. गॅलरीत बसून सुतळीच्या तुकड्यांना गाठी. विणकाम्यांची गाठ वेगळी असते. तुटलेला धागा चालत्या साच्यावर चुटकीत जोडायचा, गाठ इतकी बारीक की कापडात दिसता कामा नये. ती ते दोन बोटांत मारायचे, न बघता, पेपर वाचताना. सुतळी संपली की उसवून पुन्हा. आई वैतागायची. मी एकदा विचारलं कशाला करता, तर म्हणाले, काही नाही, बोटं.

तत्त्व वगैरे काही नव्हतं त्यात. होतं ते संपावर जाण्यात होतं, ते होऊन गेलं होतं. हे नुसतं बोटांचं होतं. म्हणून मला वाटतं तुम्ही मंडळी त्या रिकाम्या मागात फार अर्थ भरताय. कथेत मदनही तेवढंच म्हणतो की, पायांत गोळे आले. भुवनचं सूत विणलं नाही हा त्याचा बाणा. माग चालवला ते शरीराचं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि माणिकबाबूंनी त्या वेगळ्या ठेवल्यात, म्हणूनच कथा चांगली आहे.

नंतर वडील एका सोसायटीत वॉचमन होते. गिरणीबद्दल कडवट बोलले नाहीत कधी, चांगलंही नाही.

---

मोगरा

काळाचौकी, __/\__

आईबद्दलही लिहा कधी. संपात घरं कुणी चालवली ते.

---

काळाचौकी

खानावळ. पहाटे चारपासून पोळ्या. लिहीन.

---

एपिसोड_उद्याचा

काळाचौकींनी माझी सोय केली. सूत नाकारणं एक आणि हात चालू ठेवणं दुसरं, हे वेगळं धरलं तर माझ्यासारख्याचं काय होतं ते बघा. मी भुवनचं सूत घेतलंय, रोज घेतो. पण माग रोज चालतोय म्हणून हात मोकळा आहे असंही नाही, उलट. चार वर्षं मालिका लिहिल्यावर मी एकांकिका लिहायला बसलो तर प्रत्येक प्रवेशाच्या शेवटी पात्र दचकून मागे वळून बघायला लागलं. ब्रेकसाठी! कॅमेरा नाही, ब्रेक नाही, तरी. भुवनच्या सुताने हाताला वळण लागतं. पायांत गोळे येणं परवडलं.

घटकांनी मुंबई का सोडली असेल ते मला यावरून कळतं असं वाटतं. पैशांपेक्षा हाताची भीती असेल. हा माझा तर्क, कुणी पुरावा मागू नये.

---

आरामखुर्ची

काळाचौकी, तुमचा प्रतिसाद वाचून सिनेमाचा शेवट पुन्हा लावला. तुमच्याशी अर्धा सहमत. कथेत माग शरीराचा आहे, बरोबर. पण घटकांनी तो गोळी लागलेल्या माणसाच्या तोंडी घातला, आणि काहीतरी तर करायला हवं ना, या अर्थाने. तिथे मदनचं दुखणं नीलकंठने उसनं घेतलं आहे. विणकराला ते सांगावं लागत नाही, दारुड्याला सांगावं लागतं. म्हणून मला तो क्षण आधीपेक्षा दीनवाणा वाटला, आणि जास्त आवडला. नीलकंठने आयुष्यभर सूत नाकारलं, पण हात मात्र थांबू दिला. घटकांनी नाही थांबू दिला. क्षय, दारू, इस्पितळं, सगळं भोगून सिनेमा पुरा केला. पात्र आणि करणारा यांच्यात हे जे अंतर आहे ते स्टेटसवाल्यांच्या लक्षात येत नाही.

बाटलीतली दारू कॅमेऱ्याच्या काचेवर सांडते तो शॉट बघा. ती काच त्यांच्याच सिनेमाची. इतका नियंत्रणात असलेला शॉट बेफाम माणसाचा नाही. कुणीतरी तो आखला, कोन लावला, नंतर काच पुसली.

---

तंबोरा

आखला हे खरं. पण माणिकबाबूही दारूनेच पोखरले गेले, गरिबीत, १९५६ ला, ४८ व्या वर्षी. मदन लिहिणाराही पिणारा आणि मदन आठवणाराही पिणारा. तुमची मोट सोडवायला जाताय खरे, पण ती सुटायला सोपी नाही.

---

मोगरा

सोपी आहे. दोघांनी जे लिहिलं ते ज्या सकाळी प्यायले नव्हते त्या सकाळी लिहिलं असणार. बाकीच्या सकाळचं काय लिहायचं राहिलं ते आपल्याला कधी कळणार नाही. घटकांचे पूर्ण झालेले कथापट आठ. सुरू करून सोडलेले किती ते शोधा आणि मग त्या फोटोखाली काय लिहायचं ते ठरवा.

---

कोरा_कागद

पूर्ण पाहिला. काळ्या कपड्यांतली माणसं आता चालली. बंगबाला आणि मुखवटेवाल्या उस्तादाचा भाग सगळ्यात आवडला, त्यावर इथे कुणी एक ओळ लिहिली नाही. तो म्हातारा मातीचा मुखवटा घडवताना जगन्नाथ मास्तरशी भांडतो, हात न थांबवता. मदन शोधायला शेवटपर्यंत थांबायची काय गरज होती?

---

आरामखुर्ची

कोरा_कागद, हा मुद्दा माझ्या लेखात हवा होता. लिहा ना सविस्तर, मी वर जोडतो.

---

फुटाणे

अर्ध्यात सोडणाऱ्याने धागा जिंकला. पुढच्या वेळी भिंत कुठे ते कळवा, पण सिनेमा दुपारचा लावा, डोंबिवलीकर येतोय.